मागच्या सीटवरचं पेन

“मला गुरांच्या दवाखान्यात जायचं होतं,” मिरेय म्हणाली. “सोफीचे बाबा आज गाईच्या पोटात हात घालणार आहेत. आणि मी काय बघणार? तू दिवसभर लोकांच्या गाडीत बसतेस ते!”

तिची आई ओडेट कोमो समोर बघत गाडी चालवत राहिली. नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी नववीच्या मुलांना शाळा नसते. आईच्या नाहीतर बापाच्या कामावर जायचं, दिवसभर बघायचं आणि दुसऱ्या दिवशी शाळेचा कागद भरून द्यायचा. मिरेयचा बाप रेजाँ मासेमारीच्या बोटीवर होता आणि बोट पंधरा दिवस परतणार नव्हती, म्हणून मिरेयच्या वाट्याला आई आली. ओडेट गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घ्यायची. काप-लोरिए या छोट्या गावात हे काम एकोणीस वर्षं ती एकटीच करत होती.

तिनं गाडी नेहमीप्रमाणे चर्चच्या मागच्या मोकळ्या मैदानात उभी केली आणि दोघी समुद्रावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात चार गल्ल्या चालत निघाल्या.

“आई, कचेरीसमोर जागा होती की! दोन गाड्यांच्या मधे. मी बघितली.”

“चालणं तब्येतीला चांगलं असतं.”

हे वाक्य मिरेय जन्मल्यापासून ऐकत होती. त्यामागचं कारण मात्र ओडेटनं नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. तिची स्वतःची परीक्षा झाली तेव्हा असं बर्फ पडत होतं की रस्त्याची कडच दिसत नव्हती. परीक्षक म्हणाले, “दोन गाड्यांच्या मधे गाडी लावायचं राहू दे, पोरी. परत जाऊन कॉफी घेऊ.” ते राहिलं ते राहिलंच. त्यानंतर ओडेटनं साडेसहाशे लोकांना दोन गाड्यांच्या मधे गाडी लावता येत नाही म्हणून नापास केलं, आणि स्वतः चर्चच्या मागून चालत आली.

नापास झालेल्याला ती एकच वाक्य सांगायची, “पुढच्या महिन्यात परत या.” आवाज चढवायची नाही, समजूत घालायची नाही. त्यामुळे गावात तिचं नावच ‘पुढचा महिना’ पडलं होतं. न्हावी झोएल तर तीन पुढचे महिने काढून चौथ्या खेपेला सुटला होता.

कचेरीत पोचल्यावर ओडेटनं मुलीच्या हातात परीक्षेचा एक न भरलेला कागद आणि पेन ठेवलं. “तू मागच्या सीटवर बसायचं. हॅलिफॅक्सच्या मुख्य कचेरीतून लेखी परवानगी आणलीय मी. बोलायचं नाही. जे दिसेल त्यावर खूण करायची. आणि एक लक्षात ठेव. स्टिअरिंगमागे कोण बसलंय ते बघायचं नाही, चाकं काय करतायत ते बघायचं.”

“ओळखीचं असलं तरी?”

“गावात ओळखीचं नाही असं आहे कोण?”

मिरेयनं खांदे उडवले, पण कागद वाचायला घेतला. ओडेटला तेवढंही खूप वाटलं. पोरीला गाईचं पोट आवडो नाहीतर आणखी काही. आपली आई करते ते काम आहे, नुसतं बसणं नाही, एवढं तिला आज कळलं तरी पुरे होतं.

त्या दिवशी उमेदवार एकच, फ्लोरीन दूसे. वय चाळीस, चर्चच्या स्वयंपाकघरात रापूर या किसलेल्या बटाट्याच्या पदार्थाचे डोंगर उतरवणारी धीट बाई. पण गाडीत बसली की तिची पाचावर धारण बसायची. आज तिची तिसरी खेप होती. नणंदेची लांबलचक गाडी मागून आणलेली. नणंद कचेरीत कॉफी पीत बसली होती.

सुरुवात बरी झाली. मग एका वळणावर इंडिकेटर द्यायला जरा उशीर झाला आणि ओडेटचं पेन कागदावर फिरलं. लगेच मागच्या सीटवर दुसरं पेन फिरलं.

फ्लोरीननं आरशात बघितलं. “मागे पण लिहितायत?”

“माझी मुलगी आहे. शिकतेय. तुम्ही समोर बघा.”

फ्लोरीननं समोर बघितलं, त्यामुळे आरशात बघायचं राहिलं. दोन्ही पेनं फिरली. ती दचकली आणि गाडी पांढरी रेघ ओलांडून गेली. दोन्ही पेनं फिरली. मोठ्या रस्त्यावर येईपर्यंत बिचारीला रस्ता दिसेनासा झाला होता. पुढून खर्र आणि मागून खर्र, तेवढंच काय ते ऐकू येत होतं. शेवटी अग्निशमन केंद्राच्या भल्यामोठ्या दरवाज्यासमोर तिनं करकचून ब्रेक मारला.

“एक पुढचा महिना मला झेपतो, बाई,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “दोन नाही झेपत!” आणि दार उघडून, रस्ता ओलांडून, बहिणीच्या बेकरीत शिरली.

नेमका त्याच वेळी केंद्राचा दरवाजा वर सरकला. केंद्रप्रमुख अल्फ्रेदचा मुलगा नववीत होता. त्याला आज बंब बाहेर काढून दाखवायचा होता आणि भोंगा त्यालाच वाजवायला दिला होता. त्यानं तो मनापासून वाजवला. लाल बंब चार हात पुढे आला आणि नणंदेच्या गाडीसमोर थांबला.

“ओडेट, गाडी काढ ना बाई!” अल्फ्रेद वरून ओरडला.

“आग लागलीय का?”

“आग नाही, पण दरवाज्यासमोर गाडी नको. हा नियम तुला मी सांगायचा का?”

नियम ओडेटला पाठ होता. पुढचा नियमही पाठ होता, कारण कचेरीच्या भिंतीवर तो तिनंच लावला होता: उमेदवार परीक्षा सोडून गेल्यास परीक्षकाने गाडी जवळच्या मोकळ्या जागी लावावी व किल्ली उमेदवारास द्यावी. जवळची मोकळी जागा एकच होती. पोस्टासमोर, बेकरीची व्हॅन आणि फादरांची छोटी निळी गाडी यांच्या मधे.

भोंग्यानं सगळी दुकानं बाहेर आली. आणि आज प्रत्येक दुकानात नववीतलं एकेक मूल होतं. बँकेच्या दारात एक, औषधांच्या दुकानात एक, पोस्टाच्या खिडकीत दोघी. सकाळपासून कंटाळून गेलेला मिरेयचा अख्खा वर्ग काचांना नाकं लावून उभा राहिला. झोएल न्हावी वस्तरा हातात घेऊन आला आणि त्याच्यामागून अर्ध्या गालावर साबण असलेलं गिऱ्हाईक आलं.

“मी लावू का?” झोएल फार गोड आवाजात म्हणाला. “मला चार वेळा शिकवलंय तुम्ही.”

ओडेट ‘हो’ म्हणणारच होती. ‘ह’ तोंडातून निघालाही होता. तेवढ्यात मागून मिरेय म्हणाली, “कशाला? आई लावेल की. तिचं तर कामच आहे ते.”

अख्ख्या दिवसात पोरीनं आईबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. ओडेट उतरली, पलीकडे गेली आणि स्टिअरिंगमागे बसली.

पहिल्या वेळी गाडी तिरकी होऊन रस्त्यातच राहिली. दुसऱ्या वेळी आत गेली, पण नुसतं शेपूट. तिसऱ्या वेळी अल्फ्रेद बंबावरून “डावीकडे! डावीकडे!” म्हणाला आणि झोएल “उजवीकडे!” म्हणाला. ओडेटनं दोघांचंही ऐकलं. चौथ्या वेळी साबणवाल्या गिऱ्हाइकानं जीव वाचवण्यासाठी पोस्टाच्या पायरीवर उडी मारली. बेकरीच्या खिडकीत फ्लोरीन पाव खात उभी होती; तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत येत होता.

पाचव्या वेळी मागचं चाक फुटपाथवर चढलं आणि पोस्टाची लाल पेटी ठण्णकन वाजली. फुटपाथवर चाक म्हणजे तिथल्या तिथे नापास; याला अपील नाही. रस्त्यावर सगळे गप्प झाले. त्या शांततेत ओडेटला मागून आवाज आला.

खर्र.

सहाव्या वेळी गाडी बसली. बंब निघून गेला. फादरांची गाडी वाचली होती, पेटीवर ओरखडाही नव्हता. फ्लोरीन किल्ली न्यायला आली तेव्हा तिचा आवाज अगदी ठणठणीत होता. “पुढच्या महिन्यात येते मी,” ती म्हणाली. “आता तुमची भीती नाही वाटत.”

मायलेकी चर्चच्या मैदानाकडे चालत निघाल्या. एक गल्ली संपली, दुसरी संपली. ओडेटला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एकोणीस वर्षांचं नाव गेलं त्याचं तिला इतकं वाटलं नाही. पोरीनं विश्वासानं म्हटलेलं एक वाक्य वाया गेलं, ते लागलं.

“म्हणून तू चालतेस,” मिरेय म्हणाली.

“म्हणून.”

मिरेयनं घडी केलेला कागद पुढे केला. ओडेटनं तो उलगडला. वरच्या अर्ध्या भागात फ्लोरीन होती. मधे पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ, आणि खाली ‘उमेदवार: ओडेट कोमो.’ आरसा बघितला, बरोबर. इंडिकेटर दिला, बरोबर, सहाही वेळा. प्रयत्न सहा, मुभा दोनची. मागचं चाक फुटपाथवर. निकाल: नापास.

ओडेटनं तो सवयीनं तपासला, एकेक खूण बोटानं धरून. एकही चूक नव्हती. आई आहे म्हणून एक गुण जास्त नव्हता, वर्गासमोर लाज आणली म्हणून एक कमी नव्हता. असा कागद हॅलिफॅक्सच्या साहेबांनीही कधी भरला नसता.

“खाली सही राहिलीय,” ती म्हणाली. “सहीशिवाय निकाल लागत नाही.”

मिरेयनं कागद चर्चच्या भिंतीवर टेकवून ऐटीत सही केली आणि परत दिला. मग आवाज न चढवता, समजूत न घालता म्हणाली, “पुढच्या महिन्यात परत या.”

ओडेटनं पर्समधून डायरी काढली.

“तारीख सांगा,” ती म्हणाली.