म्हैस जैसे थे

बोळात म्हैस बांधलेली पाहून विनायकराव लेल्यांनी पहिल्या दिवशी नुसता घसा खाकरला. दुसऱ्या दिवशी घराच्या खरेदीच्या कागदातून "सामाईक वहिवाटीचा बोळ" ही ओळ शोधून काढली, आणि तिसऱ्या दिवशी पनवेलला जाऊन वकील गाठला.

निवृत्तीनंतर शांतता हवी म्हणून लेले दांपत्याने नेऱ्याच्या बाजूला घर घेतलं होतं. शेजारी बळीराम भोईर. दोन घरांच्या मधल्या बोळातूनच लेल्यांची स्कूटर मागच्या अंगणात जायची. आता बोळात म्हैस होती आणि स्कूटर रस्त्यावर.

"अहो, आधी त्यांना विचारा तरी," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"विचारायचं काय? हक्क म्हणजे हक्क."

वकील सत्यजीत तरुण होते, उत्साही होते. त्यांनी आधी नोटीस धाडली. ती वाचून भोईर इतके घाबरले, की उत्तरच दिलं नाही. मग दावा दाखल झाला. कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आला तेव्हा त्याला भोईरांचं घर सापडेना. ते त्याला विनायकरावांनीच दाखवलं. भोईरांच्या बायकोने, गुणाबाईंनी, दोघांनाही चहा दिला. तो पिताना विनायकरावांना जरा अवघडल्यासारखं झालं, पण चहा उत्तम होता.

पहिल्याच तारखेला आदेश निघाला. वकीलसाहेब कोर्टाच्या पायऱ्या दोन-दोन उतरत आले. "काका, ऑर्डर मिळाली! पुढच्या तारखेपर्यंत दोन्ही पक्षांनी बोळाची स्थिती जैसे थे ठेवायची."

विनायकरावांनी रस्त्यात पेढे घेतले. घरी पोचून बोळात डोकावले आणि पेढ्याचा पुडा हातातच राहिला. म्हैस रवंथ करत उभी होती. जैसे थे.

संध्याकाळी भोईर स्वतःच आले. हात जोडून दारातच उभे राहिले.

"सायेब, गोठ्याचा पत्रा वाऱ्यानं उडाला व्हता, म्हनून आठ दिस हितं बांधली. आज नवा पत्रा बसला. पन आता कशी हलवू? कोरटाचा हुकूम हाय."

"अहो, हलवा ना! मीच सांगतोय."

"तुमी सांगून काय व्हतंय? जजसायेबानी सांगितलंय जैसं हाय तैसं. आमी कायदा नाय मोडनार."

विनायकरावांनी वकिलांना फोन लावला.

"हलवू देऊ नका!" सत्यजीत दचकलेच. "उद्या ते म्हणतील, वादीनेच आदेश मोडायला लावला. पुढच्या तारखेला रीतसर अर्ज देऊ."

पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. त्यापुढच्या तारखेला भोईरांचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले. म्हैस मात्र कुठेच अडकली नव्हती; ती आपल्या जागी होती. भोईर पूर्वी तिला चरायला न्यायचे, तेही बंद झालं. वैरण बोळातच येऊ लागली. शेण तर तिथे होतंच. अरुंधतीबाईंनी त्या बाजूची खिडकी बंद केली आणि नवऱ्याशी बोलणंही जरा कमी केलं.

मग भोईर काही दिवसांच्या कामासाठी उरणला गेलेले असताना एका दुपारी बोळातून गुणाबाईंची हाक आली. "सायेब! अवो सायेब! बेगीन या!"

विनायकराव धावले. म्हैस आडवी पडली होती. रेडकाचे पुढचे दोन पाय बाहेर आले होते आणि तिथेच थांबले होते.

"माजा एकटीचा जोर नाय पुरत. धरा!"

"वहिनी, मी... मी या दाव्यातला वादी आहे."

"वादी उद्या व्हा! आधी पाय धरा!"

विनायकरावांनी आयुष्यात फायलींपेक्षा जड काही ओढलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून पाय धरले. गुणाबाई "आता!" म्हणाल्या की ओढायचं, "थांबा" म्हणाल्या की थांबायचं. शेवटच्या "आता!"ला ते धपकन मागे बसले आणि त्यांच्या मांडीवर एक ओलंचिंब, काळंभोर रेडकू येऊन पडलं. ते श्वास घेईना. गुणाबाईंनी त्याचं नाक पुसलं, छाती चोळली. विनायकराव नकळत पुटपुटत राहिले, "घे रे बाळा, श्वास घे." रेडकू शिंकलं. विनायकरावांचा चष्मा धुक्याने भरला. निदान त्यांनी तरी तसंच सांगितलं.

दोन दिवसांनी खरवस आला. तो खात असतानाच वकिलांचा फोन आला. सगळं ऐकून ते उडालेच.

"काका, सोन्यासारखी संधी! बोळात एक म्हैस होती, आता दोन जनावरं. स्थिती बदलली. आदेशाचा भंग! आपण अर्ज टाकू. रेडकू बाहेर कोणी काढलं?"

"मी."

वकिलांचा आवाज एकदम खाली आला. "हे आणखी कोणाला सांगू नका," वकील म्हणाले.

पण तारखेला भोईरांनीच भर कोर्टात सांगून टाकलं. "सायेब, मी हुकूम नाय मोडला. मी उरनला व्हतो. रेडकू या लेले सायेबानी वढलं."

न्यायाधीशांनी कागदाआड तोंड नेलं. कागद खाली ठेवल्यावर विचारलं, "वादी, तुम्हाला आता नक्की काय हवंय?"

"म्हैस गोठ्यात जावी," विनायकराव म्हणाले. "तिला तिथे मोकळं बरं वाटेल. आणि बाळालाही."

दोन्ही वकिलांनी तिथेच तडजोड लिहून दिली. सह्या झाल्या, दावा निकाली निघाला, आणि चौघेही एकाच रिक्षातून परतले असते, पण सत्यजीत म्हणाले, ते बरं दिसत नाही.

त्याच संध्याकाळी म्हैस गोठ्यात गेली. बोळ धुतला गेला. स्कूटर दिमाखात आत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे विनायकराव चहाचा पहिला घोट घेतात न घेतात तोच गोठ्याकडून गुणाबाईंची हाक आली. भोईर उरणहून परतेपर्यंतचे दिवस गुणाबाई धार काढताना म्हशीच्या तोंडाशी विनायकरावच उभे राहायचे, तिच्याशी काहीबाही बोलायचे. तिला आता त्याचीच सवय लागली होती.

"सायेब, या वो! तुमची म्हैस पान्हा सोडत नाय!"

"माझी म्हैस?" विनायकराव उठत म्हणाले.

"जा," अरुंधतीबाई म्हणाल्या, "पण मालकी हक्काचा दावा लावू नका."

विनायकराव तोवर बोळाच्या टोकाला पोचले होते.