होडी आणि चौकट

घड्याळजींनी दुकान बंद करून बाहेरच्या खोलीत होडी बांधायला घेतली, त्याला आता दोन वर्षं झाली होती. साधी होडी नव्हे. दगडांतून उसळणाऱ्या पाण्यात वल्ह्यांनी हाकायची, दोन्ही टोकं वर उचललेली. तेव्हापासून पाहुणे अंग चोरून भिंतीकडेने आत येत, आणि त्यांच्या बायकोच्या, बाईंच्या, एकूण एक कपड्यांवर गोंदाचे डाग होते.

"अहो, पण ही बाहेर जाईल ना?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"अगं, जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्यात मी. दार तीन फूट. होडी कुशीवर केली की पावणेतीन. तीन इंच शिल्लक!"

आज ती बाहेर काढायची होती. नदीला जोराचं पाणी आणखी पंधरा दिवसच राहणार होतं, आणि घड्याळजींचे गुडघे पुढच्या वर्षाची हमी देत नव्हते. बाईंचा भाऊ मदतीला आला. शेजारचा सुतारही आला, बहुधा गंमत बघायला.

होडी कुशीवर केली. टोक बाहेर गेलं. पोट अडकलं.

"एका इंचाने," सुतार म्हणाला.

"शक्यच नाही!" घड्याळजींनी टेप लावला. पुसून पुन्हा लावला. दार बत्तीस इंच भरलं.

"भावोजी, दार आटलं की काय?" भावाने विचारलं.

"दार कशाला आटतंय," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "मागच्या वर्षी मी रुसून बसले होते, तेव्हा होडीच्या उरल्या फळ्यांची नवी चौकट करून दिलीत. चांगली जाडजूड. या बाजूने दोन इंच, त्या बाजूने दोन."

सगळ्यांनी चौकटीकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात घड्याळजींनी बायकोसाठी हाताने केलेली तेवढी एकच वस्तू होती. बाईंनी तिच्यावरून एकदा हात फिरवला.

"काढा," त्या म्हणाल्या.

"खिळे कुठे मारलेत?" सुताराने विचारलं.

"खिळे नाहीत," घड्याळजी म्हणाले. "होडीचा गोंद आहे. पन्नास वर्षं पाण्यात राहिला तरी सुटत नाही."

"वा!" असं म्हणून सुतार खालीच बसला.

दुपारपर्यंत चौकट निघाली. अकरा तुकडे झाले, आणि सोबत दोन घमेली भिंत आली. होडी ओट्यावर गेली. भावाने कंबर धरली आणि मग त्याच्या लक्षात आलं.

"ताई, चौकटीशिवाय आता दार बसवायचं कशावर?"

सुताराकडे एवढं लांब लाकूड नव्हतं. मागवलं तर वीस दिवस. घर असं सताड उघडं टाकून नदीवर कोण जाणार? घरात दार झाकेल अशी एकच वस्तू होती. शेवटी होडी पुन्हा कुशीवर केली आणि दाराला टेकवली. पाच फूट झाकलं गेलं, वर दीड फूट उघडं राहिलं.

सगळे स्वयंपाकघराच्या अरुंद दाराने ये-जा करू लागले. पोस्टमन पत्रं होडीवरून आत टाकू लागला. घड्याळजी रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून होडीकडे बघत बसत.

"पाणी ओसरत असेल," ते म्हणत.

पाचव्या दिवशी सकाळी बाईंनी आपलं कपाट रिकामं केलं आणि सुताराला हाक मारली. "भाऊ, याची चौकट होईल का?"

"दोन दिवसांत होईल. पण वहिनी, कपडे?"

"गोंदाने माखलेत. राहू देत बाहेरच."

घड्याळजी खुर्चीतून उठले. गुडघे वाजले. "अगं, माहेरचं कपाट आहे ते!"

"असू दे. जाऊन या एकदाचे. आणि कोरडे परत या, एवढं करा."

घड्याळजी टेप घ्यायला खुंटीकडे वळले. टेप तिथे नव्हता. तो बाईंच्या हातात होता.

"बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "माप मी घेतेय."