पुलाखालचा पाहुणा

सुखदेवकाका माणसाला नाव विचारायच्या आधी पाणी पाजतात. ओळख असो नसो, तहान असो नसो. खांद्याला पाण्याचा कॅन, पिशवीत स्टीलचे पेले. "पयले पानी," एवढंच म्हणायचं आणि समोरच्याचा पेला रिकामा होईपर्यंत हलायचं नाही.

तलाठी होते तेव्हाही हेच. सातबाऱ्यासाठी आलेला शेतकरी आपलं नाव-गाव सांगायला तोंड उघडे, की काका हातानं थांबवत. "नाव मंग सांगजो. पयले पानी."

हिंगणघाटच्या आमच्या कॉलनीत याचे किस्से पुष्कळ आहेत. एका लग्नात त्यांनी अंतरपाटामागे उभ्या नवरदेवाच्या हातात पेला दिला. भटजी मंगलाष्टक थांबवून बघत राहिले, तर दुसरा पेला भटजींना. मत मागायला आलेल्या उमेदवाराला पाजलं, त्याच्या झेंडेवाल्यांना पाजलं आणि वर सांगितलं, "मत नाई देत मी तुले. पन पानी पे." एकदा बिल भरायचं राहिलं म्हणून लाइनमन यांचीच वीज कापायला आला. त्याला पाजून म्हणाले, "झालं? आता काप."

वाचनालयाचे कार्यक्रम मी बघते. सतरंज्या, माइक, हार, नारळ, सगळं माझ्या यादीत असतं. पाणी कधीच नसतं. ते काकांचं खातं. खोटं कशाला, फुकटात एक काम कमी होतं म्हणून मी त्या छंदाचं कारण कधी विचारलं नव्हतं.

यंदा आम्ही जुन्या रेल्वेपुलाच्या अपघातावर व्याख्यान ठेवलं. शहराच्या अलीकडे नाल्यावर तो पूल होता. इंग्रजांच्या काळात, पुराच्या पाण्यात खांब खचले आणि भरलेली पॅसेंजर खाली गेली. नागपूरहून इतिहासाचे प्राध्यापक आले होते. पडद्यावर फोटो दाखवत होते. नाकावर उभं राहिलेलं इंजिन, वाकलेले गर्डर. आवाज चांगला, तयारी चांगली. काका नेहमीप्रमाणे रांगेरांगेतून पेले फिरवून मागच्या खुर्चीवर बसले होते.

शेवटी प्राध्यापक म्हणाले, "त्या दिवशी आसपासची गावं जात-पात विसरून धावली. नाल्यात माणूस उरला होता, जात उरली नव्हती."

टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर काका उभे राहिले.

"सर, एकाजवळ उरली होती."

पुढच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "काकाचं पानी आलं." दोघंतिघं हसले.

"माही आजी होती तिथं," काका म्हणाले. "प्रेतं काढाले आमच्याच वाड्यातल्या लोकायले नेलं होतं. दुसरं कोनी हात लावत नव्हतं. तिथं एक पावना पडला होता, कंबरेपासून खाली काई उरलं नाई. पानी मांगून राह्यला होता. आजीनं मडकं नेलं. पन तवा सवयच होती, आपली जात आधी सांगाची. सांगतली नाई आन् मंग कळलं तं मार. आजी म्हणली, 'मालक, महाराघरचं पानी हाय.' त्यानं तोंड फिरवलं. तसाच मेला. आजी मरेपर्यंत म्हणे, एक डाव खोटी बोलली असती तं काय झालं असतं?"

अध्यक्षस्थानी कापसाच्या जिनिंगचे मालक होते. ते हसतमुखानं म्हणाले, "काका, चांगला कार्यक्रम चालू हाये. जुनं काऊन उकरून राह्यले?"

प्राध्यापक सभ्य होते. "ही तोंडी आठवण आहे. महत्त्वाची आहे. पण कागदोपत्री आधार नाही."

"नाई म्हणूनच इचारून राह्यलो जी. तुमी कागद पायले. त्या पावन्याचं नाव कुठं असन का? पिवळा फेटा होता म्हणे."

प्राध्यापकांनी टिपणं चाळली. ड्रायव्हरचं नाव होतं, गार्डचं होतं, पहिल्या वर्गातल्या एका साहेबाचं होतं. "तिसऱ्या वर्गाचा नुसता आकडा दिलाय," ते म्हणाले.

काका खाली बसले. मी आभार मानले. 'जात-पात विसरलेली गावं' असं वाक्य माझ्याही कागदावर होतं. ते गाळलं आणि बाकीचं वाचलं. बाहेर चहाच्या टेबलावर एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणत होते, "यायले काई बी सांगा, शेवटी गाडी तिथंच येते." हातात काकांनीच दिलेला पेला होता.

हॉल रिकामा झाल्यावर काका पेले विसळत होते. ते रागावले असतील असं मला वाटलं होतं. रागाचं चिन्ह नव्हतं. थकलेले दिसत होते.

मी विचारलं, "काका, नाव कळलं असतं तर काय केलं असतं? त्याच्या घरच्यांना जाब विचारला असता?"

"जाब कायचा, ताई? त्याच्या गावी गेलो असतो." त्यांनी पेला उपडा ठेवला. "कोनी नातू-पंतू असन. त्याले म्हणलो असतो, बाबू, तुह्या घरचा मानूस एकटा नाई मेला. पाऊस उघडून ऊन तापलं होतं, त्याच्या तोंडावर येत होतं. आजी अशी बसली का तिची सावली त्याच्या तोंडावर पडन. सूर्य सरकला तशी आजीबी सरकली. सावलीले मात्र त्यानं 'नाई' म्हणलं नाई."