मानपत्राचं दुसरं पान

नार्नूरजवळच्या एका मराठी शाळेतले मुख्याध्यापक सुधाकरराव निवृत्त होणार होते. मानपत्र लिहायचं काम धम्मपाल सरांकडे आलं, कारण कॉम्प्युटरला न भिणारे ते एकटेच, असा सगळ्यांचा समज होता. सरांनी तो मोडला नाही. त्यांच्या बदलीच्या अर्जावर सुधाकररावांची सही अजून व्हायची होती.

मजकूर लांबला, तसं खालचं लिहिताना वरचं दिसेना. शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या वृषाली बाईंनी स्क्रीन मधोमध दुभागून दिली. वर आणि खाली तेच मानपत्र दिसू लागलं. "कागद एकच हाये बरं सर, खिडक्या फक्त दोन," असं त्या सांगत होत्या तेवढ्यात घंटा झाली. सरांनी ऐकली ती घंटाच.

त्यांना वाटलं, जास्तीची एक प्रत मिळाली. वरच्या खिडकीत सुधाकररावांना दिलेल्या सूर्य, दीपस्तंभ आणि वटवृक्ष या उपमा शाबूत होत्या. मग खालच्या खिडकीत अगदी शेवटी जाऊन त्यांनी अकरा वर्षांचं साचलेलं मोकळं केलं. चष्मा कपाळावर असताना तो शोधायला सुधाकरराव अख्खी सातवी मैदानात कशी पाठवत, चहाची बिस्किटं कपाटात कशी कुलूपबंद करत, दर शनिवारी एकच गोष्ट सांगताना तिच्यातला वाघ दर वेळी वेगळ्या झाडामागून कसा निघे, सगळं लिहिलं. दोनदा वाचून हसले, खालची खिडकी बंद केली आणि ती प्रत गेली असं समजून फाईल छापायला पाठवली. दुकानदारानं होतं तेवढं सगळं छापलं, सुरळी करून लाल फीत बांधली.

समारंभात वाचायला उभे राहिले शाळा समितीचे अध्यक्ष उत्तमराव. वाचताना ते अर्थाच्या भानगडीत पडत नसत. वटवृक्ष संपला, पान उलटलं आणि त्याच गंभीर आवाजात चष्मा सुरू झाला. आधी सातवी हसली. वाघापर्यंत सारा मांडव हसू लागला होता. धम्मपाल सरांना आपला अर्ज फाटताना दिसू लागला.

सुधाकरराव उठले, तसं हसू थांबलं.

"धम्मपाल, तुमच्या अर्जावर सही मी सकाळीच केली," ते म्हणाले. "नाई तं आता इचार केला असता." मग म्हणाले, "बाकी असू द्या. पन वाघ मोहाच्या झाडामागूनच निघते. तुमी ध्यान देऊन ऐकतच नाई."

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी प्रयागबाईंनी दोन्ही पानं मागून घेतली आणि पहिलं उत्तमरावांना परत दिलं.

"ह्या पानावरचे कोन हायेत, मी वळखत नाई," त्या म्हणाल्या. "हे दुसरं घरी लावतो. तीस वर्सं झाले, मी एकटीच सांगून राह्यली होती."