बसून ऐकायचं गाणं

"बसा काका," हर्षल म्हणाला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

नागापूरला एका मंगल कार्यालयाच्या मागं हर्षलचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधे माईक, आणि माईकसमोर तीन खुर्च्या. खुर्च्यांवर बसायचं होतं रंगनाथच्या बँडला. बँड म्हणायला तीन माणसं जरा कमीच होती. सॅक्सोफोनवर स्वतः रंगनाथ, ट्रम्पेटवर गोरक्ष आणि ड्रमवर जैनुद्दीन. पण जॅझला तेवढी पुरतात, असं रंगनाथनं दोघांना सांगितलं होतं. जॅझ म्हणजे काय हे त्या दोघांना नक्की माहीत नसल्यानं वाद झाला नव्हता.

रंगनाथ नेवाशाचा. उभा जन्म त्यानं दुसऱ्यांच्या बँडात वाजवलं. गाडीवर नाव मालकाचं, टोपीवर तुरा मालकाचा, आणि जेवणाच्या पंगतीत आधी बोलावणंही मालकालाच. तरुणपणी नगरच्या एका बँडात त्याच्या शेजारी एक म्हातारे ख्रिस्ती मास्तर उभे राहायचे. त्यांनी त्याला जॅझ शिकवलं. मास्तर म्हणायचे, "चाल सोडून भटकायला जायचं. लोकांना वाटलं पाहिजे की हा हरवला. मग गुपचूप घरी यायचं." रंगनाथला ते फार आवडलं. वरातीत मात्र कधी भटकायला मिळालं नाही. भटकला की नाचणारे मागं वळून शिव्या द्यायचे.

आता या वयात त्यानं स्वतःचा बँड काढला होता. आणि लग्नाची पहिली सुपारी घ्यायची सोडून तो अल्बम काढायला निघाला होता. सगळ्या नेवाशानं त्याला वेडा ठरवलं. कारण फक्त जैनुद्दीनला माहीत होतं.

रंगनाथची बायको आक्काबाई मागच्या वर्षी गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी ती म्हणाली होती, "सगळ्या जगाची लग्नं वाजवली तुमी. म्या तुमचं वाजवनं कधी ऐकलंच न्हाई. नाचनाऱ्यांचा गलका तेवढा ऐकला. एक तरी गानं असं वाजवा, की म्होरं एक मानूस नाचनार न्हाई. बसून ऐकायचं गानं."

रंगनाथनं तसं गाणं बांधलं. अगदी संथ. पण वाजवून दाखवायच्या आधी ती गेली. तेच गाणं अल्बमात पहिलं घ्यायचं होतं.

तर तिघं बसले. हर्षलनं बोट वर केलं. रंगनाथनं पहिला सूर लावला आणि जैनुद्दीनचा ठेका चौथ्या ठोक्यालाच घसरला.

"काय रं जैनू?"

"भाऊ, पाय हालंना."

"पायाचं काय काम? हातानं वाजीव की."

"पाय चालला तर हात चालतोय. आजवर बसून कुनी वाजवलंय?"

गोरक्षचंही तेच झालं होतं. खुर्चीत त्याचा दम पोटातच अडकत होता. रंगनाथ मालक म्हणून दोघांवर ओरडला खरा, पण सूर त्याचाही थरथरला होता. जन्मभर चालत वाजवणारी माणसं. पाऊल पडल्याशिवाय ताल कुठून येणार?

"मग उभे राहा," हर्षल म्हणाला.

उभं राहूनही जमेना. शेवटी तिघं माईकभोवती गोल फिरू लागले. वटपौर्णिमेला बायका फिरतात तसे. ठेका लगेच सुधारला, पण तिसऱ्या फेरीत माईकची वायर गोरक्षच्या पायात आली आणि चौथ्या फेरीत माईकच आडवा झाला.

हर्षलनं कपाळाला हात लावला. "काका, मागं मोकळं आवार आहे. तिथं सरळ चाला. मी हातातला रेकॉर्डर घेऊन तुमच्या बरोबर चालतो."

आवारात गाणं खरंच जमलं. भिंतीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. रंगनाथ चाल सोडून हळूच भटकायला निघाला. गोरक्षनं त्याला जाऊ दिलं. जैनुद्दीन हलक्या हातानं वाट धरून होता. हर्षलनं मान डोलावली. आता फक्त घरी परत यायचं राहिलं होतं.

भिंतीपलीकडं कार्यालयात मंगलाष्टकं चालली होती. कोणाचं तिकडं लक्ष नव्हतं. म्हणजे असं त्यांना वाटत होतं. बँडवाल्याचा कान झोपेतसुद्धा भटजीकडं असतो. शेवटचं 'सावधान' झालं, की श्वास न घेता फुटायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं असतं. लाऊडस्पीकरवर भटजींचं शेवटचं "शुभमंगल सावधान" आलं आणि तिघंही एकदम फुटले. ट्रम्पेट किंचाळला, ड्रम धडाडला. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात फुटला तो रंगनाथ.

वाजवून झाल्यावर तिघं एकमेकांकडं बघत राहिले.

"मी न्हाई आधी," जैनुद्दीन म्हणाला.

इतक्यात मागच्या फाटकातून फेट्यातले एक गृहस्थ धावत आले. नवरीचे वडील, मच्छिंद्रराव.

"देवासारखे आलात राव! डीजेचा जनरेटर बसलाय. अक्षता पडल्या आन वाजायला काय न्हाई. पाव्हने तोंड वाकडं करून बसले हुते. चला, जोडीला देवीच्या देवळापतूर वाजवत न्यायचंय."

"आमी आज लग्नाचं वाजवत न्हाई," रंगनाथ म्हणाला. "अल्बम चाललाय. जॅझ."

"करा की. पोरीला पोचवा आन मग जन्मभर अल्बम करा. मालक कोन हाय तुमच्यात?"

गोरक्षनं आणि जैनुद्दीननं एकाच वेळी रंगनाथकडं बोट केलं.

मच्छिंद्ररावांनी फेटा सावरला आणि रंगनाथपुढं हात जोडले. "मालक, न्हाई म्हनू नका."

रंगनाथला आजवर कोणी मालक म्हटलं नव्हतं. त्याला नाही म्हणायचं होतं, पण मालकानं नाही कसं म्हणायचं हे त्याला येत नव्हतं.

"येतो," तो म्हणाला. "पर वाजवू ते आमचंच."

"तुमचंच वाजवा. आवाज झाल्याशी मतलब!"

नवरा घोडीवर बसला. घोडी पांढरी, पायात घुंगरू. नवरी मागच्या जीपमध्ये. पोरं पुढं सरसावली, हात वर गेले. रंगनाथनं आक्काबाईचं गाणं सुरू केलं.

हात वरच राहिले. ते खाली कसे आणावेत हे पोरांना कळेना. एकानं कंबर हलवून पाहिली आणि लाजून थांबवली. नवऱ्याचा मामा तणतणला, "अहो बँडवाले, लग्न हाय का मयत?" पण मालकानं सूर सोडला नाही. मग हळूहळू सगळे नुसतेच चालू लागले. टपरीवरची माणसं चहा हातात धरून थांबली. जीपमधली नवरी रडायला लागली, तिची आई रडायला लागली, आणि थोड्या वेळानं मामानंही उपरण्यानं डोळे पुसले. हर्षल रेकॉर्डर धरून बँडशेजारून चालत होता.

रंगनाथ लांबवर भटकून आला. देवळाच्या पायरीशी गाणं बरोबर घरी आलं.

"लई भारी!" मच्छिंद्रराव नाक शिंकरत म्हणाले. "आमच्या घरान्यात एवढं रडनं कधी झालं न्हाई. धाकटीच्या लग्नाला तुमीच या."

अशी रंगनाथच्या बँडला पहिली सुपारी मिळाली, ती रडवायची.

परत स्टुडिओत आल्यावर रंगनाथ खुर्चीत बसला. जैनुद्दीन शेजारच्या खुर्चीत टेकायला लागला, तसा रंगनाथ म्हणाला, "तिथं नको. तू तिकडं बस." जैनुद्दीन तिसऱ्या खुर्चीवर गेला. गोरक्ष दाराशी उभा राहिला.

हर्षलनं रेकॉर्डिंग लावलं. सूर स्वच्छ आला होता. कुठं गलका नाही, शिट्टी नाही. फक्त ड्रमच्या मागून काहीतरी वाजत होतं. छुन छुन, टक टक.

"हे काय हाय?" गोरक्षनं विचारलं.

"घोडी," हर्षल म्हणाला. "बँड ऐकला की नाचायचं, असं शिकवलंय तिला. पूर्ण वेळ नाचत होती. मला काढता येणार नाही काका. आणि खरं सांगू? काढू नये. तिचा ठेका ड्रमपेक्षा पक्का आहे."

"आता घोडीचं नाव लिवा अल्बमवर," जैनुद्दीन फणकारला. मग त्याला काहीतरी आठवलं. तो हळू आवाजात म्हणाला, "पर भाऊ, वैनीनं सांगितलं हुतं ते ऱ्हायलंच की. म्होरं न्हाई तर मागं, नाच झालाच."

गाणं संपलं. घुंगरू थांबले तेव्हा रंगनाथनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं.

"ती मानूस म्हनली हुती," तो म्हणाला. "घोडीचं काय बोलली न्हाई."