गहिनीनाथ मामांचे पद

माणसाला नाव आईबाप देतात. पद मात्र लग्नपत्रिका देते. वडवणीकडे पत्रिकेत नुसते नाव छापणे म्हणजे पंगतीतून उठवण्यासारखे आहे. नावाखाली कंसात काहीतरी लागतेच. चेअरमन, माजी सरपंच, युवा नेते. काहीच जमले नाही तर प्रगतशील शेतकरी (शेत असण्याची अट नाही).

अर्जुनरावांच्या स्वप्नालीची पत्रिका अशाच एका कंसावर अडली. तिचे सख्खे मामा गहिनीनाथ विहिरीवरची मोटर चोरल्याबद्दल दोन वर्षांची सजा भोगून आले होते. गाव त्यांना ‘सजायाफ्ता’ म्हणे. हा शब्द निजामाच्या काळापासून आम्ही जपून वापरतो. म्हणजे ज्याच्याकडे चारचाकी नाही त्यालाच. गावचे चारचाकीवाले पुढारी अमरसिंह यांनी एका साहेबांचे तीन दात पाडले आणि तेवढीच सजा भोगली. ते सुटले तेव्हा एकवीस फ्लेक्स लागले, जेसीबीतून फुले उधळली गेली आणि कंसात ‘झुंजार नेतृत्व’ आले. दर दातामागे सात फ्लेक्स पडले.

पत्रिका समिती बसली. मीही होतो. ‘समाजसेवक’ सुचवले, पण ते पद अमरसिंहांच्या पुतण्याला आधीच दिलेले होते. ‘माजी शासकीय पाहुणे’ एका मताने पडले. शेवटी अर्जुनरावांनी मामांचे नावच गाळायला सांगितले.

“मग मला बोहल्यावर कोण आणणार? अमरसिंह?” स्वप्नाली म्हणाली. “मामाचं नाव न्हाई, तर मी बी न्हाई.”

दारातून गहिनीनाथ म्हणाले, “पोरीचं लगीन काहून अडवता, दाजी? नुसतं नाव टाका. तेवढंच लई हाय मला.”

मला लाज वाटली. इतिवृत्तात मात्र ती नोंदवली नाही.

पत्रिकेत एकशे शहाऐंशी नावे आली. त्यात बिनकंसाचे एकच. लग्नात वरपक्षाने विचार केला, ज्याला पद छापायची गरज पडत नाही तो माणूस केवढा असेल! पहिला फेटा गहिनीनाथांना बांधला, पुढच्या सोफ्यावर बसवले, आणि एकाने तर त्यांच्या कानात बदलीचे काम सांगितले. मामांनी स्वप्नालीला बोहल्यावर आणले तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. अमरसिंहांना मागे प्लास्टिकची खुर्ची मिळाली.

पत्रिका तुम्हालाही आली होती. तुम्ही आधी स्वतःचे नाव शोधलेत, मग कंसात ‘प्रतिष्ठित नागरिक’ वाचून पत्रिका कपाटावर जपून ठेवलीत. ठेवा. समितीच्या नियमाप्रमाणे हे पद सजा न झालेल्यांना देतात. गुन्हा केला की नाही, हे आम्ही कुणालाच विचारले नाही.