बॅटरी संपल्यानंतर ऐकलेलं

इअरबडची बॅटरी संपली, तरी ते कानातून काढायचे नाहीत असं मी ठरवलं. बस्स, एवढाच माझा गुन्हा. (बाकीचं माझ्या बायकोला, कुल्याशला, विचारू नका. ती सांगायला बसली तर तुमची जेवायची वेळ टळेल.)

काढायचे नाहीत, कारण गाडी माझी मेव्हणी चालवत होती. झैनेप ही कुल्याशची थोरली बहीण. ती गाडी हातांनी कमी आणि तोंडाने जास्त चालवते. मी कचेरीत पाण्याच्या तक्रारींच्या खिडकीवर बसतो. ज्याच्या नळाला थेंब नसतो, त्याच्या तोंडाला मात्र धार असते. त्यामुळे घरी आल्यावर मी कानात इअरबड घालतो आणि फुटबॉलचं समालोचन लावतो. कुल्याश त्यांना 'बोळे' म्हणते.

आम्ही शू नदीकडच्या गावी सासऱ्यांकडे निघालो होतो. त्यांना सगळे कोके म्हणतात. सासूबाई वसंतात गेल्या. आम्हा कझाकांत म्हातारपणी बाप धाकट्या मुलाजवळ राहतो. घरही त्याचंच असतं. पण धाकटा मेइर्झान बायकोला घेऊन कोरियात गेलाय, तिथे जहाजं रंगवतोय. कोके त्या मोठ्या घरात एकटे, आणि बर्फ तोंडावर आलेलं.

पेट्रोल पंप मागे पडला आणि समालोचन बंद झालं.

"तुरारला विचारलंस का, कोकेंना तुमच्याकडे न्यायचं ते?" झैनेप म्हणाली. तुरार म्हणजे मी.

"त्याला काय विचारायचं? भिंतीला विचारून कोणी खिळा ठोकतं का?"

"अगं, हळू. ऐकेल."

"तो? बोळे नसतानाही ऐकत नाही." कुल्याश म्हणाली. "पूर्वी स्वयंपाक करताना मी त्याच्याशी बोलायचे, ताई. आता पातेल्याशी बोलते. पातेलं निदान उकळतं तरी."

झैनेप खो खो हसली. कुल्याश हसली नाही.

आता मला सांगा, अशा वेळी सभ्य माणसाने काय करावं? कान मोकळे करून 'आणूया की कोकेंना' म्हणावं. मला तेच म्हणायचं होतं, अगदी मनापासून. माझे वडील मी लहान असतानाच गेले. ज्यांच्यासमोर आदराने मान झुकवावी असं मला हे एकच माणूस उरलंय. पण तसं म्हटलं असतं तर भिंतीला कान असल्याचं उघड झालं असतं. मी बाहेरची ओली, तपकिरी माळरानं बघत राहिलो. ऐकू न येणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते आठवत होतो. (माझा एरवीही तसाच असतो, असं नंतर कुल्याशकडून कळलं.)

गावी उतरताना इअरबड काढायला हात वर नेला, तर कुल्याशने तो धरला. खूण केली, राहू दे. मग बहिणीला म्हणाली, "असू देत कानातच. आज नाजूक बोलणं आहे. मेइर्झानच्या लग्नात व्याह्यांना म्हणाला होता, तुमची लेक घोडीसारखी धिप्पाड आहे!"

(मी घोड्यांचं कौतुक म्हणून म्हणालो होतो.)

तेव्हा बायकोच्या हुकुमावरून मी कानात बोळे घालून सासऱ्यांना दोन्ही हातांनी सलाम केला. कोकेंनी माझे हात हातात घेतले आणि माझ्या कानांकडे पाहिलं. त्यांचे हात थंड होते. घरात एकाच खोलीत शेगडी पेटलेली होती, आणि सासूबाईंची गादी अजून भिंतीशी अंथरलेली होती.

लेकी येणार म्हणून त्यांनी मेंढा कापला होता. संध्याकाळी ताट आलं. घरात वडीलधारे तेच, म्हणून मेंढ्याचं डोकं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी तळवे उघडून आशीर्वाद दिला, आम्ही चेहऱ्यावरून हात फिरवले. मग झैनेपने विषय काढला.

"कोके, हिवाळ्यापुरतं तरी कुल्याशकडे चला."

"जावयाच्या घरी? गाव काय म्हणेल?"

"गाव तुमची शेगडी पेटवायला येतंय का?"

"गावाचं सोड," म्हातारा म्हणाला. "मी आलोही असतो. पण मला बोलायची सवय आहे, पोरी. मी बोलायचो आणि तुझी आई 'हं' म्हणायची. निम्मं ऐकायचीच नाही, पण 'हं' म्हणायची. आता हा बघ." त्यांनी हनुवटीने मला दाखवलं. "चांगला माणूस आहे. पण त्याच्यासमोर बसून बोलायचं म्हणजे थडग्याशी बोलल्यासारखं. तेवढं तर मी इथेही करतो. रोज जातो तिच्याकडे, टेकडीवर."

कुल्याशने मान खाली घातली. कोणी जेवेना. वाटलं, आता हा माणूस इथे एकटाच गारठणार, आणि तेही माझ्या कानांपायी.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हं."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला ऐकू येतंय?" कुल्याश.

"बॅटरी संपलीये."

"कधी?"

"पेट्रोल पंपापाशी."

कुल्याशचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. झैनेप उगाचच भांडी आवरायला उठली. मी इअरबड काढून खिशात टाकले आणि म्हणालो, "कोके, चला ना आमच्याकडे. मी 'हं' म्हणेन. ऐकूनसुद्धा म्हणेन."

कोकेंनी सुरी उचलली, मेंढ्याच्या डोक्याचा एक कान कापला आणि माझ्यापुढे धरला. कान घरातल्या शेंबड्या पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. माझे स्वतःचे केस पिकायला लागलेत. पण नाही कसं म्हणणार? मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि चावत बसलो.

कोकेंनी माझं चावणं नीट पाहिलं, मान हलवली आणि दुसरा कानही कापून माझ्या ताटात टाकला.

"एकाने तुझं भागणार नाही. हिवाळाभर तुझ्याच घरी बोलायचंय मला."